सेकंड पीस

एप्रिलात सोलापूर बेचाळीसवर जातं
आणि अकराच्या सुमारास माझा डावा डोळा फिका पडतो.
आंधळा नव्हे. पहिल्याच धुण्यात रंग सोडलेल्या चादरीसारखा.
(आपली नव्हे; ती दुसरी,
स्टँडबाहेर आपली म्हणून विकतात ती.)

डॉक्टर म्हणाले, उन्हानं होतं, गार झालात की उतरेल.
म्हणून श्रीहरी कारखान्यातून सेकंड पीस टॉवेल आणतो,
किनारीला गाठ आलेले, एक्स्पोर्टला न चालणारे.
माठाच्या पाण्यात बुडवून मानेवर टाकतो.
वीस मिनिटांनी
कॅलेंडरवरची तारीख पुन्हा तारीख होते.

शेजारच्या राजव्वानं विचारलं, एमएस म्हणजे?
कुठल्या कॉलेजातनं केलं?
म्हटलं, घरूनच. बाहेरून बसले परीक्षेला.

मग उपाय येत राहिले, दाराशी चपला काढून.
मोहोळचे चुलतसासरे म्हणाले, गुडघ्याला मधमाश्या डसवून घे,
त्यांच्याकडचा एक जण त्यानं पळायला लागला.
कोणीही पळेल.
एकानं तांब्याचं कडं दिलं, एकीनं गहू बंद करायला लावले.
कडकडीत भाकरी मला आधीपासूनच आवडते,
त्यामुळे त्या पथ्याचं पुण्य मला लागायचं नाही.

आणि एक होते, नाव घेत नाही,
मऊ बोलायचे. इंजेक्शनं विष आहेत म्हणाले.
माझा काढा पूर्ण पोचू दे, ती थांबव.
तीन महिने थांबवली.
त्या दिवाळीत उजव्या हातातून
जेकार्डची पट्टी पंच करता करता पंच गळून पडला.
जमिनीवर पडल्याचा आवाज आला, म्हणून कळलं.
चौदा वर्षं मोरांच्या पिसाऱ्यांची भोकं पाडली या हातानं,
न बघता.
आता बघूनही मोर लंगडा येतो.
त्यांचा फोन लागत नाही.

इंजेक्शन आता फ्रिजमध्ये असतं, शेंगाचटणीच्या डब्यामागे.
एक दिवसाआड. त्याला मध्ये धरूनच बाकीचं सगळं.

शुक्रवारी महानंदा टीचर खुर्चीवरचा योग घेतात.
आम्ही सहा जणी. बाकी पाचींचे गुडघे विड्या वळून गेलेले.
पायाच्या अंगठ्याकडे श्वास पाठवा, त्या म्हणतात.
माझा अंगठा कुठे आहे हे मला वाकून बघावं लागतं.
तरी पाठवते,
जुन्या पत्त्यावर पत्र टाकावं तसा.
कधी कधी पोच येते. एक मुंगी, एवढीच.

रेहाना आपा बाळंतिणींना न्हाऊ घालतात;
रविवारी माझ्या पोटऱ्यांना तिळाचं तेल लावतात.
गोळा आला की, ठैर, म्हणतात. मला नव्हे. गोळ्याला.
तो थांबतो. नेहमी नाही.
बरी होशील, असं त्या कधीच म्हणत नाहीत,
म्हणूनच मी त्यांना दार उघडते.

आणि पहाटे सहाची बायकांची बॅच, तलावावर.
पाणी अजून रात्रीचं असतं.
मी दांडा सोडते.
पाण्यात पडता येत नाही.
वर्षभरात मला एवढी निवांत जागा
दुसरी कुठे सापडलेली नाही.
बाहेर येताना पायऱ्या असतात, चार.
त्यांचं काय करायचं ते कोणी शिकवत नाही.

रात्री श्रीहरी विचारतो, आज किती?
एक ते दहा आमच्यात चालत नाही.
मी म्हणते, सात तुटले.
तो म्हणतो, सात म्हणजे काही नाही,
आज आमच्या चार नंबरवर चाळीस तुटले, बांधले, माग चालू.
मी म्हणते, तुझा माग बंद करता येतो, श्रीहरी.

तो गप्प होतो. बाहेर कोणाचा तरी माग
अजून खडखडतोय, लाइट जायच्या आधी पीस उतरवायची घाई.
मी अंधारात टॉवेलची किनार चाचपते,
उजव्या हातानं, मुद्दाम.
काही लागत नाही, काही लागत नाही,
मग बोटाखाली
गाठ.

टॉवेल वाळलाय, मी म्हणते.
तो उठतो, माठाकडे जातो.